कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर: जुन्या व्यापारी वाटेनं तीन दिवस

जुन्नरला जायचं म्हटलं की बहुतेक लोक एकच करतात, पुण्याहून पहाटे गाडी काढायची, नारायणगावला मिसळ हाणायची, शिवनेरी, लेण्याद्री, जमलं तर ओझर, आणि अंधार पडायच्या आत परत हायवेला. मी पण दोनदा असंच केलं आणि दोन्ही वेळा घरी येऊन फोटो बघताना काय कुठं होतं तेच आठवेना. तिसऱ्यांदा एका मित्राच्या नादानं उलट्या बाजूनं गेलो, म्हणजे कल्याणहून एसटीनं, कोकणातनं नाणेघाट पायी चढून वर, आणि मग हळूहळू जुन्नरकडं. तेव्हा कुठं ट्यूब पेटली की हे सगळं सुटं सुटं नाहीये, हा एक सलग रस्ता आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याणच्या बंदरात माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटानं वर यायचा, जुन्नरच्या बाजारात थांबायचा आणि पुढं सातवाहनांच्या पैठणला जायचा. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे चारही गड याच वाटेवर नजर ठेवून आहेत, आणि जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी कोरली गेली ती याच वाटेवरच्या पैशातनं. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच, की बघायचंच असेल तर तांडा ज्या क्रमानं यायचा त्याच क्रमानं बघा. आणि वाटेत पाण्याची टाकी बघत चला, ते का ते पुढं सांगतो.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी, बास. पावसाळ्यात नाणेघाटाचे उलटे धबधबे बघायला तुडुंब गर्दी होते. वारा दरीतनं एवढा जोरात वर येतो की खाली पडणारं पाणी परत वर उडतं, बघायला भारीच आहे, नाही म्हणत नाही. पण शनिवार-रविवारी वर गाड्यांची रांग, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि खालून चढायची जी दगडी वाट आहे ती शेवाळानं साबणासारखी झालेली असते. मी जुलैत गेलो होतो तेव्हा जीवधन समोर असून मला दिसलाच नाही, फक्त ढग बघून आलो. शिवाय पावसात पुणे आणि ठाणे दोन्ही जिल्ह्यांत धबधब्यांच्या जागी अधूनमधून बंदी घालतात, निघायच्या आधी बातम्या बघून घ्या. मार्च ते मे चालतं पण मग नाणेघाटाची चढाई सकाळी नऊच्या आत संपवायची आणि माणशी चार लिटर पाणी उचलायचं. थंडीत तीन लिटर पुरे.

बॅगेत काय

ट्रेकिंगच्या यादीत नेहमी असतं ते तुम्हाला माहितीच आहे, मी फक्त इथलं वेगळं सांगतो. एक म्हणजे चांगली टॉर्च, मोबाईलची नाही, हातात धरायची वेगळी. तिचं काम अंधारात चालायला कमी आणि शिलालेख वाचायला जास्त आहे. दुसरं म्हणजे तीस-चाळीस फुटांचा दोर, जीवधनसाठी, आणि तो बांधता येणारा ग्रुपमध्ये एक तरी माणूस, नाहीतर दोर म्हणजे नुसतं ओझं. तिसरं, सुट्टे पैसे. घाटघरला नेटवर्क येतं-जातं, जेवणाचे पैसे युपीआयनं देऊ म्हणून गेलात तर ओशाळल्यासारखं होतं. ऑफलाइन मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा. आणि परफ्यूम, डिओ, असलं काही मारू नका, का ते तिसऱ्या दिवशी मानमोडीच्या लेण्यांना कळेल.

पहिला दिवस: वैशाखरे ते घाटघर

कल्याण स्टँडवरनं माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटी असतात, जुन्नर, आळेफाटा, नगर (आता अहिल्यानगर), कुठलीही चालेल. पहाटेची पहिली मिळाली तर उत्तम. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे अशी गावं येतात आणि वैशाखरे सोडलं की थोडं पुढं रस्त्याच्या उजव्या हाताला नाणेघाटाची पाटी आहे, तिथं उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा आणि वैशाखरे आलं की परत एकदा आठवण करा, कारण तिथं नेहमीचा थांबा असल्यासारखं काही वाटत नाही आणि डुलकी लागली तर सरळ मोरोशीला पोचाल. बसमध्ये उजवीकडची खिडकी धरा. टोकावडे सुटलं की सह्याद्रीची भिंत दिसायला लागते आणि तिच्यात एक जाडजूड अंगठा वर काढल्यासारखा सुळका दिसतो, तो नानाचा अंगठा. दिवसभर तुम्हाला तिकडंच जायचंय.

स्वतःची गाडी आणलीत तर पंचाईत होते, कारण गाडी कोकणात आणि तुम्ही घाटावर. ड्रायव्हर असेल तर त्याला माळशेजनं वर पाठवा, नाहीतर सरळ एसटीनं या.

पाटीपासून वाट जंगलात शिरते. पहिला तास साधाच आहे, साग, करवंदीच्या जाळ्या, एक-दोन ओढे ओलांडायचे, मग एक पठार लागतं. इथं ढोरवाटा बऱ्याच फुटतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गप्पांच्या नादात एका ढोरवाटेला लागून पाऊण तास वाया घालवला आणि तो पाऊण तास पुढं उन्हात व्याजासकट फेडला. साधा नियम ठेवा, अंगठा समोर ठेवून चालायचं आणि वाट चांगली रुळलेली हवी. झुडपं अंगाला घासायला लागली की चुकलात, मागं फिरा, शॉर्टकट शोधू नका.

पठार संपलं की खरी चढण सुरू होते, आणि हळूहळू पायाखाली रचलेले दगड दिसायला लागतात, नंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या. इथं थोडं थांबून पायऱ्यांकडं बघा, कडा झिजून गोल झाल्यात. खूर आणि पाऊस दोन्हीचं काम आहे ते. दमात चढलं तर पायथ्यापासून वर अडीच-तीन तास लागतात, लहान मुलं असतील तर चार धरा.

गुहेच्या अलीकडं कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. आता इथं बसा, बॅग उतरवा. यातल्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. म्हणजे आज जिथनं लोक विरार लोकलला लटकून येतात तिथला एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी या चढणीवर घामाघूम झाला असणार आणि त्याला वाटलं असणार की इथं पाणी पाहिजे. लेखात टाक्याला शब्द आहे ‘पोढी’. हा शब्द लक्षात ठेवा, परवा शिवनेरीला परत भेटणारे.

मग मुख्य गुहा. साधारण एखाद्या मोठ्या हॉलएवढी चौकोनी, तीन बाजूंना बसायला कातळातच बाक. डाव्या आणि उजव्या भिंतीवर जो मोठा लेख आहे तो सातवाहन राणी नागनिकेचा, सातकर्णी पहिला याची बायको. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिक्पालांना नमस्कार आहे, आणि मग केलेल्या यज्ञांची यादी, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची, किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. हा सगळा हिशोब आकड्यांत लिहिलाय, म्हणून भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांत हा लेख धरतात. जकातीच्या घाटात हिशोबाचा शिलालेख, यापेक्षा योग्य जागा कुठली असणार!

वाचायची पद्धत सांगतो. टॉर्च समोरून मारली तर काही म्हणजे काही दिसत नाही, भिंत सपाट वाटते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं तिरका उजेड टाका, की अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळी एकदम उठून येतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा आम्ही दोघं अर्धा तास नुसते भिंतीवर उजेड फिरवत बसलो होतो. अधिक चिन्हासारखं दिसतं ते ‘क’, बाकी ब्राह्मीचा तक्ता फोनमध्ये ठेवलात तर एक-दोन शब्द तुम्हीही लावाल. फक्त खडूनं अक्षरं भरू नका, हात फिरवू नका. आधीच लोकांनी बदाम आणि नावं कोरून वाट लावलीये.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते, आता फक्त पावलं उरलीत आणि वर नावं. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकणि (म्हणजे आपली नागनिका आणि सातकर्णी), कुमार भाय, महारठी त्रणकयिर, असे. हे महारठी बहुधा नागनिकेचे वडील. नुसती पावलं बघताना जरा कसंतरीच होतं.

गुहेपासून पुढं एक अरुंद नळी, दोन्ही बाजूंना उंच कातळ, खाली फरसबंदी. ती संपली की एकदम घाटमाथा, वारा आणि गाड्या आणि कणसवाले. इथं तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, जकातीची नाणी यात टाकायचे असं सांगतात. मला व्यक्तिशः हा रांजण बघितला की टोलनाकाच आठवतो. अंगठ्याच्या टोकावर जाऊन खाली कोकण बघा, पण वारा असेल तर कड्यापासून दहा फूट मागं, सेल्फीसाठी इथं जीव गेलेत.

मुक्काम घाटघरला. घाटमाथ्यावरनं चार-पाच किलोमीटर, रस्त्यानं तासभर. गावात बहुतेक घरं महादेव कोळी समाजाची, जेवण आणि झोपायची सोय घरगुती होते, पण आधी कुणाकडून तरी फोन नंबर मिळवून सांगून ठेवा, रात्री आठला दहा जणांनी दारात उभं राहून भाकऱ्या मागणं बरं नाही. माणशी किती ते आधीच ठरवा आणि सकाळी निघताना घासाघीस करू नका. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल, या भागातलं नगदी उत्पन्न म्हणजे हाच. आम्ही ज्या घरी राहिलो तिथल्या मावशींनी तांदळाची भाकरी, हरभऱ्याचं पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा दिला, आणि मित्रानं पाचवी भाकरी मागितल्यावर हसून म्हणाल्या, “उद्या गड चढायचाय ना रं, का इथंच झोपायचंय?”

दुसरा दिवस: जीवधन, कुकडेश्वर, चावंड

जीवधन हा या सहलीतला अवघड भाग, स्पष्टच सांगतो. दोन वाटा आहेत. नाणेघाटाच्या बाजूनं कल्याण दरवाजाची आणि घाटघरच्या बाजूनं जुन्नर दरवाजाची. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या बऱ्याच गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, जीवधन त्यातलाच, त्यामुळं दोन्हीकडं थोडा कातळ चढावा लागतो. कल्याण दरवाजाची वाट जास्त सुंदर आणि जास्त धोक्याची, वाटेतलं रान दाट आहे आणि हमखास चुकायला होतं. अनुभव नसेल तर घाटघरकडूनच चढा आणि घाटघरकडंच उतरा, आणि गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या. त्याच्या दिवसाची मजुरी बुडतेय हे लक्षात ठेवून पैसे द्या. कातळाच्या टप्प्यावर खोबणी आहेत, आधार लावलेला असेल तर त्यावर भार टाकायच्या आधी हलवून बघायचा, बॅगा आधी दोरानं वर ओढून घ्यायच्या, आणि खाली उतरताना तोंड कड्याकडं. ग्रुपमध्ये एकाला जरी चक्कर किंवा उंचीची भीती असेल तर हा गड सोडून द्या, चावंडवर भरपाई होते.

वर दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे धान्याची कोठी, दगडी बांधकाम, एकात एक खोल्या आणि आत मिट्ट काळोख. पाय ठेवला की तळाशी भुसभुशीत काहीतरी लागतं, टॉर्च मारली तर राख. इंग्रजांच्या लढाईत धान्य जळालं त्याचीच ही राख असं गावात सांगतात. कोठीच्या दारावर गजलक्ष्मी आहे. दुसरी गोष्ट वानरलिंगी सुळका, काही लोक खडा पारशी म्हणतात, गडाच्या टोकाला साडेतीनशे फुटांच्या वर सरळसोट उभा. गिर्यारोहक दोर लावून चढतात, आपण कडेला पोटावर पडून बघायचं. आणि हो, निजामशाही बुडत असताना शहाजीराजांनी मूर्तिजा नावाच्या ज्या लहान मुलाला पेमगिरीवर नेऊन निजामशहा म्हणून गादीवर बसवलं, तो मुलगा याच जीवधनवर कैदेत होता. एवढ्या एकाकी गडावर एक लहान पोर ठेवलेलं, तिथं उभं राहिल्यावर ते जास्त जाणवतं.

सहाला चढायला सुरुवात केलीत तर अकराच्या आसपास खाली याल. गडावरच्या टाक्यांतलं पाणी हिरवं असतं, पिऊ नका, लागलंच तर गाळून उकळून.

घाटघरहून जुन्नरकडं एसटी मोजक्याच आहेत. वेळा बदलतात, त्यामुळं आदल्या रात्रीच घरमालकांना विचारून ठेवा, गावातल्या माणसाला एसटीची वेळ वेबसाइटपेक्षा बरोबर माहीत असते. बस चुकली तर जीप किंवा दुधाची गाडी मिळू शकते, भरवसा नाही.

वाटेत पूर गावात कुकडेश्वर. हे कुकडी नदीचं उगमस्थान आणि मंदिर शिलाहारांच्या काळातलं मानतात. वरचं शिखर नंतर नव्यानं बांधलेलं आहे, ते सोडून द्या, पण खालच्या भिंती आणि आतल्या खांबांवरची नक्षी, छताला लागलेले यक्ष, हे निवांत बघण्यासारखं आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. इथनं पुढं रस्ता कुकडीला धरूनच जातो आणि थोड्या वेळानं माणिकडोह धरणाचं पाणी दिसायला लागतं. बैलांचा तांडा पण नदी धरूनच उतरत असणार, दुसरी सोपी जागाच नाहीये.

चावंड, शिवकाळातलं नाव प्रसन्नगड. गावातनं वर जायला पाऊण तास ते एक तास. पायऱ्या जिथं उडवल्यात तिथं रेलिंग आहे आणि एका ठिकाणी आधारासाठी चक्क एक छोटी तोफ उभी रोवलीय, तिला धरूनच चढायचं. तोफेचा असा उपयोग मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. दरवाजावर गणपती, वर चामुंडादेवीचं छोटं देऊळ, आणि सगळ्यात बघण्यासारखी म्हणजे सप्तमातृका टाकी, ओळीनं सात. परत पाणी! माझ्या मते नवख्या माणसानं या पट्ट्यात एकच गड करायचा असेल तर चावंड करावा, जीवधनएवढा धोका नाही आणि शिवनेरीएवढी गर्दी नाही.

उतरायला मात्र साडेपाचच्या आत लागा. जुन्नर तालुका म्हणजे बिबट्यांचा तालुका, माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. बिबटे दाट जंगलापेक्षा उसात जास्त असतात, म्हणजे गावाजवळच. घाबरायचं कारण नाही पण अंधार पडल्यावर एकट्यानं पायी चालणं, लहान मुलांना मागं सोडणं, उसाच्या कडेला आडोशाला बसणं, हे टाळायचं. चालताना आपापसात मोठ्यानं बोलत राहा, एवढं पुरतं.

रात्री जुन्नर. लॉज स्टँडजवळ मिळतात. जेवायला मासवडी रस्सा मागा, नावात मासा आहे पण शाकाहारी आहे, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण भरून वळलेली वडी आणि झणझणीत काळा रस्सा. ही या भागाची खासियत, नारायणगाव-ओतूर-आळेफाटा सगळीकडं मिळते, आणि कुणाची चांगली यावरनं भांडणंही होतात.

तिसरा दिवस: जुन्नरभोवती

सकाळी सहाला शिवनेरी. साडेसहानंतर शाळांच्या बस यायला लागतात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. १९ फेब्रुवारीच्या आसपास जायचं असेल तर फक्त शिवजयंतीच्या उत्साहासाठी जा, गड बघायला म्हणून नको, बघायला मिळत नाही.

पायऱ्यांच्या वाटेनं सात दरवाजे लागतात, महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. हे एकामागून एक मोजत चढलं की लक्षात येतं की वाट मुद्दाम किती वेळा वळवलीये. मग शिवाईदेवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव, कडेलोट टोक. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथं येऊन गेला, त्यानं लिहिलंय की हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे. अंबरखान्यासमोर उभं राहून हे वाक्य आठवा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. महाराजांचा जन्म इथं झाला पण पुढं हा गड त्यांच्या हातात कधीच आला नाही. १६३७ ला मोगलांकडं गेला, १६५७ मध्ये महाराजांनी खाली जुन्नर शहर लुटलं पण गड राहिला, आणि मराठ्यांकडं तो आला थेट १७१६ मध्ये. वर कोळी चबुतरा आहे तो १६५० च्या महादेव कोळ्यांच्या बंडाची आठवण, तिथं मोगलांनी कोळ्यांची डोकी उडवली असं सांगतात. परवा रात्री घाटघरला ज्यांच्या घरी जेवलात त्यांचेच पूर्वज. तिथं बहुतेक ग्रुप न थांबता पुढं जातात, तुम्ही थांबा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी गडांची जी बारा नावं लागली त्यात शिवनेरी आहे.

आता ‘पोढी’कडं परत येतो. शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेणी कोरलेली आहेत, साखळीच्या वाटेला, म्हणजे साखळी धरून गडावर चढायची जी दुसरी वाट आहे तिला लागून काही दिसतात. तिथल्या एका लेखात आहे, ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे पश्चिमेकडनं आलेल्या परदेशी माणसानं, दान दिलेली दोन टाकी. ‘बे’ म्हणजे दोन, तेच बे, बे एके बे मधलं! शाळेत पाढे म्हणताना हा बे कुठला असा प्रश्न मला पडला होता, त्याचं उत्तर शिवनेरीच्या कड्यावर मिळेल असं वाटलं नव्हतं. इथंच चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं बौद्ध भिक्खूंच्या संघासाठी भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. म्हणजे सोपाऱ्याचा गोविंददास घाटात पाणी देतो, यवन इरिल गावाशी पाणी देतो, आणि मधे आपण दोन दिवस चालत आलेलो असतो. साखळीची वाट मात्र घसरडी आहे, निसरड्या मातीत आणि पावसाळ्यात अजिबात नको, आणि लेख शोधायच्या नादात कड्याच्या बाजूनं सरकत जाऊ नका. माहीतगार माणूस बरोबर असेल तरच.

खाली उतरलात की नाश्ता करून तुळजा लेणी, शहराच्या पश्चिमेला पाडळीजवळ. रिक्षा करा, थांबण्यासकट भाडं ठरवा. इथं गर्दी जवळपास शून्य, आणि इथलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, गोल आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा खांब. नेहमीचं लांबट चैत्यगृह आपण कार्ले-भाजेला बघतो, असं गोल चैत्यगृह मात्र फार म्हणजे फार कमी ठिकाणी आहे. स्तूपाला एक फेरी मारा, खांबांमधला उजेड बदलत जातो.

मानमोडी शहराच्या दक्षिणेला, भूतलिंग, अंबा-अंबिका आणि भीमाशंकर असे तीन गट. इथं नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा लेख आहे. पण इथं आग्या मोहोळं असतात. काळी लोंबती पोळी कड्याला दिसली तर तिथनंच मागं फिरा, सिगारेट, धूर, परफ्यूम, आरडाओरडा काही नको. आम्ही एकदा पायथ्यापासून तीसेक पावलांवर परत आलो आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

लेण्याद्री शेवटी ठेवा, दुपारी चारनंतर. पुरातत्त्वचं तिकीट काढून तीनशेच्या आसपास पायऱ्या, डोलीची सोय आहे. माकडांनी माझ्या हातातली चिक्कीची अख्खी पिशवी ओढून नेली होती, खाण्याचं काहीही बाहेर ठेवू नका, प्रसादाची पिशवी पण बॅगेत. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती, अष्टविनायकातला एकमेव लेण्यातला. दर्शन झाल्यावर पटकन बाहेर पडू नका, वर छत बघा, एवढ्या मोठ्या सभामंडपात मधे एकही खांब नाही. आणि बाजूनं छोट्या छोट्या खोल्या, आत कातळाचे ओटे, ही मुळात भिक्खूंची राहायची जागा. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह आहे, तिकडं रांगेतली फार थोडी माणसं वळतात. बाहेरच्या ओट्यावर आलात की समोर कुकडीचं सगळं खोरं, पलीकडं शिवनेरी, आणि हवा स्वच्छ असेल तर लांब पश्चिमेला चावंड.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर हडसर करा, त्याची कातळात कोरलेली नळीची वाट आणि दरवाजे बघून माणूस गप्प होतो. खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण किंवा गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल हेही जवळच आहेत, पण ते गाडी असेल तरच, आणि खरं सांगायचं तर तो विषयच वेगळा आहे.

परत जाताना जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणची बस घ्या, पुण्याकडून नको. उजेड असताना निघा आणि या वेळी डावीकडची खिडकी धरा. माळशेज उतरून मोरोशी मागं पडलं की तोच अंगठा परत दिसायला लागतो, आणि खाली जंगलात आपण जिथं वाट चुकलो होतो ते पठार कुठलं असेल त्यावरनं टोकावडे येईपर्यंत वाद घालता येतो.